बल्ब बदलायचाय? आधी बंपर उतरवा!

माझ्या मते गाडीचं डिझाईन करणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांनी आपण डिझाईन केलेली गाडी आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने दुरुस्त केली आहे. दुसरे, बाकीचे सगळे. पहिल्या प्रकारातले लोक बहुधा फार पूर्वीच रिटायर होऊन मुलाबाळांत रमले असावेत, कारण हल्लीच्या गाड्यांकडे बघून त्यांचा कुठे मागमूस लागत नाही.

तर मंडळी, आज शनिवार, आणि आजचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगून ठेवतो, मी मेकॅनिक नाही. आठवड्याचे पाच दिवस एसीत बसून कोड लिहितो आणि उरलेल्या दोन दिवसांत बोनेट उघडून आत डोकावतो. घरी एका कपाटाच्या खालच्या खणात माझा संसार आहे. रिंग पाने, गोटी पाने, रॅचेट, एलन की, स्टार बिटचा सेट, दोन पकडी आणि एक जॅक. त्यातला अर्धा माल जुन्या बाजारातून वेगवेगळ्या रविवारी जमवलेला. बायको त्याला 'तुझं भंगार' म्हणते. असो.

आता पहिला प्रश्न सगळेच विचारतात. भारतात राहून हे उद्योग करायचेच कशाला? अमेरिकेत ठीक आहे, तिथे मेकॅनिकच्या तासाचे दर ऐकून माणूस स्वतःच गाडीखाली झोपतो. इथे कोथरूडमध्ये दर दोनशे पावलांवर एक गॅरेज आहे. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की मला बिलातली प्रत्येक ओळ कळायला हवी असते. 'मिसलेनियस ७५०' म्हणजे काय, हे काउंटरवरच्या माणसालाही सांगता येत नाही. आणि दुसरं म्हणजे, बिघाड शोधून काढण्यात जी मजा आहे ती दुसऱ्याला पैसे देऊन मिळत नाही. रात्री दोनला बग सापडल्यावर जे वाटतं, तेच फ्यूज सापडल्यावर वाटतं.

पण ही मजा हल्ली मिळेनाशी झाली आहे आणि तक्रार तीच आहे.

उदाहरण म्हणून माझ्याच गाडीचा हेडलाईट घ्या. (कंपनीचं नाव सांगत नाही. तुमचीही बहुतेक तशीच असेल.) आठ वर्षांची हॅचबॅक. उजव्या बाजूचा बल्ब गेला. साधा हॅलोजन, एच-४, ६०/५५ वॅटचा. नाना पेठेत दोनशेच्या आत मिळाला. आता डाव्या बाजूचा बल्ब मी पूर्वी बदललेला होता. बोनेट उघडा, मागचा प्लग ओढा, रबरी टोपी काढा, तारेची क्लिप बाजूला सरकवा, बल्ब बाहेर. चार मिनिटं. उजवीकडचा दिवा म्हणजे डावीकडच्याची आरशातली प्रतिमा. त्यामुळे तिथेही चार मिनिटं लागायला हवीत की नाही?

नाही. कारण उजव्या दिव्याच्या मागे बॅटरी आहे, बॅटरीच्या शेजारी फ्यूजचा डबा आहे, आणि त्या दोघांच्या आणि दिव्याच्या मध्ये चार बोटं जागा आहे. चार बोटं म्हणजे खरोखर चार बोटं, पाचवं गेलं तर मनगट अडकतं. आत काय चाललंय ते दिसत नाही. तारेची क्लिप चाचपडत शोधायची. आणि हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नसतं, बोटावरचं तेल काचेला लागलं की तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. म्हणजे एकीकडे सूचना की काचेला हात लावू नका, आणि दुसरीकडे जागा अशी की काचेला हात लावल्याशिवाय बल्ब आत जाणं शक्यच नाही! पुस्तिकेत डावा-उजवा असा काही भेद नाही. तिथे एकच वाक्य आहे, बल्ब बदलण्यासाठी अधिकृत वर्कशॉपशी संपर्क साधा.

मग राहिला तो राजमार्ग. बंपर उतरवा. वरचे स्क्रू, चाकांच्या कमानीतले स्क्रू, खालच्या प्लास्टिकच्या क्लिपा, फॉग लॅम्पचा प्लग, मग बंपर अलगद पुढे ओढायचा. (दोघं लागतात. एकट्याने ओढला तर एक कोपरा जमिनीला घासतो.) मग दिव्याचे तीन बोल्ट, त्यातला एक बंपर काढल्यावरच दिसतो. दिवा हातात आला की बल्ब बदलायला अर्धं मिनिट. पुण्यातले आठ उन्हाळे खाल्लेल्या त्या क्लिपा बिस्किटासारख्या झालेल्या होत्या, काढतानाच चार तुटल्या. एकूण वेळ तीन तास दहा मिनिटं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या चादरीवर बंपर पसरलेला बघून वॉचमनमामा धावत आले. "साहेब, ठोकली का कुणी?" म्हटलं, "नाही हो मामा, बल्ब बदलतोय." मामा एकदा बंपरकडे, एकदा माझ्या हातातल्या बल्बकडे बघून काही न बोलता गेटवर परत गेले.

दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. "आमच्या पद्मिनीला दिव्याच्या रिंगचा एक स्क्रू काढला की दिवा हातात यायचा," ते म्हणाले. "आणि चेतकचा प्लग तर मी ऑफिसला जाताना रस्त्यात साफ करायचो. साइडचं कव्हर उघडायचं, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, परत लावायचा. शर्टाला डाग नाही!"

काकांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ते उरलेलं अर्धं नंतर बघू.

आता तुम्ही म्हणाल, तीन तास गेले तर गेले, त्यात एवढं लेख लिहिण्यासारखं काय आहे? सांगतो. रात्री पुणे-सातारा रस्त्याने कधी गेलात तर समोरून येणाऱ्या गाड्या मोजा. दर थोड्या वेळाने एक 'एकडोळी' गाडी येते. लांबून एकच दिवा दिसतो. तुम्हाला वाटतं बाईक आहे, म्हणून तुम्ही त्या हिशोबाने बाजूला सरता, आणि जवळ आल्यावर कळतं की आख्खी कार आहे आणि पेटलेला दिवा तिच्या डाव्या बाजूचा आहे. म्हणजे जी बाजू तुमच्या अंगावर येतेय तीच अंधारात! दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा अनुभव घेऊन बघा, पोटात गोळा येतो. ते सगळे ड्रायव्हर बेजबाबदार असतात असं मला वाटत नाही. त्यांना बल्ब गेल्याचं माहीत असतं. दोनशेच्या बल्बला मजुरीच बाराशे-पंधराशे सांगितली, गाडी अर्धा दिवस ठेवून जा म्हणाले, म्हणून ते 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणतात. पुढचं सर्व्हिसिंग पाच महिन्यांनी असतं. तेवढे दिवस तो एक डोळा घेऊन फिरतो, आणि त्याच्या समोरून तुम्ही-आम्ही येत असतो. ज्या माणसाने फ्यूजचा डबा दिव्याच्या मागे ठेवला, त्याच्या डोक्यात हे आलं असेल का?

गंमत म्हणजे, याबद्दल जगात नियम आहे. गाड्यांच्या दिव्यांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ४८ क्रमांकाचा नियम आहे. त्यात म्हटलंय की बदलता येणारा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीशिवाय आणि गाडीसोबत दिलेल्या हत्यारांपलीकडे कुठलंही खास हत्यार न वापरता बदलता आला पाहिजे. किती शहाणपणाचा नियम! पण 'बदलता येणारा' हा शब्द बघा. एलईडीचा अख्खा दिवाच सीलबंद करून टाकला की बदलायला बल्बच उरत नाही. मग एक एलईडी गेला की पूर्ण दिवा नवा घ्या. आमच्या धंद्यात याला 'बग क्लोज्ड, वोन्ट फिक्स' म्हणतात.

हे असं का होतं, यावर मी बराच विचार केला आहे (तीन तास दहा मिनिटं मिळाली होती :-)). सोपं उत्तर म्हणजे 'कंपन्या लुटारू आहेत, मुद्दाम करतात'. नाना पेठेतल्या दुकानदारापासून काकांपर्यंत सगळ्यांचं तेच मत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. मी स्वतः डिझाईनच्या मीटिंगांना बसतो, तिथे कुणी मिशा पिळत 'आता ग्राहकाला छळूया' असं म्हणत नाही. तिथे फक्त जो माणूस खोलीत नाही, त्याचा विचार होत नाही. इतकंच.

गाडीच्या बाबतीत खोलीत कोण असतं? सगळ्यात आधी, कारखाना. मोठ्या कारखान्यात लाईनवरून साधारण मिनिटाला एक गाडी बाहेर पडते. प्रत्येक कामगाराला त्याचं काम त्या मिनिटात उरकायचं असतं. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन हे सगळं एका सांगाड्यावर आधीच जोडून तयार ठेवतात आणि वर लटकत आलेल्या बॉडीत ते खालून वर ढकलून बोल्ट आवळतात. या टप्प्याला कारखान्यातले लोक खरोखरच 'मॅरेज' म्हणतात. लग्न एका मिनिटात लागतं. घटस्फोटाची सोय मात्र कुणी बघितलेली नसते. इंजिनाच्या मागच्या अंगाला असलेला बोल्ट बॉडी बसण्याआधी अगदी समोर असतो, कामगार तो हसत हसत आवळतो. बॉडी बसल्यावर तोच बोल्ट फायरवॉलच्या कुशीत जातो. पुढच्या जन्मी तो तुमच्या माझ्या वाट्याला येतो, तेही आरसा, टॉर्च आणि शिव्या घेऊन.

क्लिपांचाही इतिहास आहे. जेफ्री बूथ्रॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट या दोन प्राध्यापकांनी वस्तू जोडायला सोपी कशी करावी याचं शास्त्रच तयार केलं, आणि १९८० च्या दशकात ते अमेरिकन कारखान्यांत पोचलं. १९९१ मध्ये दोघांना तिथलं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सुटे भाग कमी करा, आणि स्क्रू टाळून खटकन बसणाऱ्या क्लिपा वापरा, कारण स्क्रू पिळण्यात वेळ जातो. जोडणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर शंभर टक्के खरं आहे. पण स्क्रू पिळून बसतो तसा पिळून निघतो. क्लिप खटकन बसते आणि काढताना कटकन तुटते. जोडणं आणि उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पदक फक्त पहिल्यासाठी मिळालं.

आपल्याकडे याच्यात सरकारचीही भर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरची एक्साईज कमी केली. लहान म्हणजे ४ मीटरपेक्षा जास्त लांब नाही, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हापासून सगळ्या कंपन्या त्या ४ मीटरच्या पट्टीत काय काय कोंबता येईल याच्या मागे लागल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी ४ मीटरची रेघ तिथेच आहे. आता ग्राहकाला मागच्या सीटवर पाय पसरायला जागा हवी, डिकीत दोन मोठ्या बॅगा मावायला हव्यात, पुढे अपघातात चेपायला जागा सोडायलाच हवी, शिवाय एसी, पॉवर स्टिअरिंग, एबीएसचा ठोकळा, टर्बो हे सगळं हवं. ४ मीटर तर वाढत नाहीत. मग आखडतं कोण? बोनेटखालची जागा. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये सात माणसं राहतात तसे सगळे भाग एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले असतात. एकाला उठवायचं तर तिघांना उठवावं लागतं.

एसीचंच घ्या. गाडी जुनी झाली की एसीची कूलिंग कॉइल लीक होते, हा भारतातला अगदी घरोघरचा आजार आहे. कॉइल असते डॅशबोर्डच्या पोटात. अनेक गाड्यांत तिच्यापर्यंत पोचायला स्टिअरिंग, एअरबॅग, मीटर, म्युझिक सिस्टिम आणि अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीला कॉइलपेक्षा मजुरी जास्त पडली, आणि घरी आल्यावर डॅशबोर्डमधून खड्ड्याखड्ड्याला 'कुर्र' असा आवाज यायला लागला तो आजतागायत. असं वाटतं की कारखान्यात आधी हवेत एक कॉइल टांगतात आणि मग तिच्याभोवती गाडी बांधत आणतात.

आपल्यापुरतंच आहे असं समजून वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेत तर याची मोठी परंपरा आहे. १९७५ च्या शेव्हरोले मोन्झात व्ही-८ इंजिन असं काही बसवलं होतं की एक स्पार्क प्लग बदलायला इंजिनाचे माउंट सैल करून इंजिन थोडं उचलावं लागायचं. नव्वदच्या दशकात आलेल्या डॉज स्ट्रॅटसची बॅटरी पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीत होती. बॅटरी बदलायची तर आधी चाक काढा! फोर्डच्या ३.५ लिटर व्ही-६ इंजिनात, ते आडवं बसवलेल्या गाड्यांमध्ये, पाण्याचा पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर चालणारा आहे. पंपाचं सील गेलं की पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं, म्हणजे छोट्या दुरुस्तीचं रूपांतर इंजिनाच्या श्राद्धात. ऑडीच्या काही व्ही-८ इंजिनांत टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, ती करायची तर इंजिन बाहेर. एवढ्या महागड्या गाड्या घेणारे लोकही शेवटी आपल्याच रांगेत उभे आहेत, हे वाचून मला एक हलकासा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पण मग सगळीच वाहनं अशी असतात का? नाही! आणि माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे.

ट्रक बघा. हल्लीच्या ट्रकची केबिन पुढे कलंडते. अख्खी केबिन! इंजिन समोर उघडं पडतं, चारी बाजूंनी हात घालायला जागा. ट्रकवाल्याला सनरूफ नको असतं, त्याला गाडी किती दिवस उभी राहील ते हवं असतं, कारण उभा ट्रक म्हणजे बुडालेलं भाडं. वीस ट्रक घेणारा माणूस कंपनीला हा प्रश्न विचारतो, उत्तर आवडलं नाही तर शेजारच्या कंपनीकडे जातो. म्हणून केबिन कलंडते. आपली एसटी घ्या. महामंडळाने वर्षानुवर्षं नुसत्या चासी विकत घेतल्या आणि दापोडी, हिंगणा, चिकलठाणा इथल्या आपल्याच वर्कशॉपमध्ये त्यांवर बॉडी बांधली. बॉडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट मारलेली. एका अंगाला पत्रा फाटला तर तेवढा तुकडा काढून नवा मारायचा. दिसायला कशीही असो, ज्याने बांधली त्यालाच ती दुरुस्त करायची होती, हे तिच्याकडे बघून कळतं.

विमा कंपन्यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये थॅचम नावाची विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी संशोधन संस्था आहे. गाडी ठोकल्यावर दुरुस्तीला किती वेळ आणि किती खर्च येतो याचा अभ्यास तिथे होतो आणि त्याचा परिणाम त्या गाडीच्या विम्यावर होतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर तर ताशी १५ किलोमीटरने गाडी अडथळ्यावर आपटून दुरुस्तीचा खर्च बघायची ठरलेली चाचणीच आहे. परिणाम काय, तर बंपरच्या मागे बोल्टने निघणारे, बदलता येणारे भाग आले. कारण बिल विमा कंपनी भरते आणि विमा कंपनीला मीटिंगच्या खोलीत खुर्ची आहे.

बल्बचं बिल कोण भरतं? तुम्ही. कॉइलचं? तुम्ही, किंवा तुमच्याकडून सेकंडहँड गाडी घेणारा, जो तुमच्यापेक्षा कमी कमावतो. कंपनीचा हिशोब वॉरंटी संपली की संपतो. दहा वर्षांच्या गाडीचा तिसरा मालक, जो कर्ज काढून ती गाडी टूरवर चालवतो, त्याला त्या खोलीत खुर्ची सोडा, दारातही कुणी उभं करत नाही. आणि डॅशबोर्ड उतरवायचे पंधरा हजार त्याच्या खिशातून जातात.

माझ्या कामाचं उदाहरण देतो. आमच्याकडे पूर्वी कोड लिहिणारे वेगळे आणि रात्री सर्व्हर पडला की उठणारे वेगळे होते. लॉगमध्ये मेसेज असायचा 'काहीतरी चुकलं'. बस्स. मग कुणीतरी ठरवलं की ज्याने लिहिलं त्यानेच रात्री उठायचं. महिन्याभरात लॉग असे सुधारले की वाचून डोळे पाणावावेत. कुणाला प्रवचन द्यावं लागलं नाही. झोप मोडली, एवढं पुरलं.

आता काकांच्या अर्ध्या तथ्याकडे. पद्मिनी सोपी होती, कबूल. पण ती सोपी असावीच लागायची, कारण ती सतत बंद पडायची! चेतकचा प्लग रस्त्यात साफ करता यायचा, पण आजच्या गाडीचा प्लग रस्त्यात साफ करावाच लागत नाही. इरिडियमचा प्लग लाखभर किलोमीटर सहज जातो. पॉइंट, कार्ब्युरेटर, चोक ही मंडळी गेली याचं मला अजिबात दुःख नाही. ब्रेक चांगले झाले, अपघातात माणसं वाचतात, धूर कमी झाला. त्यामुळे 'जुनं ते सोनं'वाल्यांच्या पंगतीत मला बसवू नका. इंजिन उघडायची हौस मलाही नाही. माझं मागणं फार छोटं आहे. ज्या गोष्टी गाडीच्या आयुष्यात जाणार म्हणजे जाणारच, ज्या जाव्यात म्हणूनच बनवल्या आहेत, म्हणजे बल्ब, बॅटरी, फ्यूज, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, ब्रेक पॅड, तेवढ्या मालकाच्या हाताला येऊ द्या. एका गाडीत एसीचा फिल्टर ग्लव्ह बॉक्सच्या मागे आहे, दोन मिनिटांत निघतो. दुसऱ्या गाडीत तोच फिल्टर ॲक्सिलरेटरच्या वर कुठेतरी आहे, त्यासाठी शीर्षासन करून सीटखाली पाय अडकवावे लागतात. दोन्ही गाड्यांत फिल्टर तोच, हवा तीच, माणूस तोच. म्हणजे जमतं, फक्त कुणीतरी आग्रह धरावा लागतो.

याच्यात नवी भर म्हणजे सॉफ्टवेअर, म्हणजे आमचीच जात. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली की ती कॉम्प्युटरकडे नोंदवावी लागते. बटणाचा हँडब्रेक असेल तर मागचे ब्रेक पॅड बदलण्याआधी स्कॅनरने त्याला 'सर्व्हिस मोड'मध्ये न्यावं लागतं. यात तांत्रिक कारण आहे, मान्य. पण तो मोड डॅशबोर्डच्या मेनूत द्यायला काय हरकत होती? माझ्याकडे एक हजाराच्या आतला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आहे, तो बिचारा इंजिनाचे कोड वाचतो. त्यापलीकडे गेलं की दार बंद. पूर्वी गल्लीतल्या मेकॅनिकला हत्यार नव्हतं तर तो बनवून घ्यायचा. पासवर्ड तो कुठल्या लेथवर बनवणार?

याविरुद्ध लोकांनी काही केलं नाही असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली लोकांनी मतदान करून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा आणला, ८६ टक्के मतांनी. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हत्या. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'राईट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. चांगलं आहे. पण हे सगळं माहिती आणि सुट्या भागांबद्दल आहे. चार बोटांच्या फटीबद्दल कुठलाही कायदा काही बोलत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून मोबाईल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन वगैरेंवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणं सक्तीचं केलं. तसाच आकडा गाडीच्या ब्रोशरमध्ये मायलेजच्या शेजारी छापा, एवढंच माझं म्हणणं. 'हेडलाईट बल्ब: ४ मिनिटं / ३ तास १० मिनिटं.' बघा पुढच्या मॉडेलला फ्यूजचा डबा कसा सरकतो ते.

तोपर्यंत एक उपाय मी स्वतः करतो. कुणी मित्र गाडी घ्यायला निघाला की मी सोबत जातो आणि सेल्समनला सांगतो, बोनेट उघडा आणि उजवा बल्ब कसा बदलायचा ते दाखवा. गेल्या महिन्यात असंच एका शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समन तरुण, चुणचुणीत, टाय वगैरे लावलेला. त्याने आधी बोनेटचा खटका शोधला. मग बराच वेळ आत बघितलं. मग सीनियरला बोलावलं. सीनियरने हात घालून बघितला, अंगठी अडकली, ती सोडवली. मग हसून म्हणाला, "सर, नवी गाडी आहे, बल्ब कशाला जातोय?"

मी मित्राकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं. मित्र गाडीत बसून वर बघत होता. त्याने तीच गाडी बुक केली. तिला सनरूफ आहे.